पंपाची वेळ रात्री वाढवायची आहे? अर्जापूर्वीची तयारी

पेट्रोल पंप रात्री उशिरापर्यंत किंवा चोवीस तास सुरू ठेवायचा असेल, तर पहिल्यांदा जुनी परवानगी काढून तिच्यातील अटी ओळ न ओळ वाचाव्यात. इंधनविक्री, दुकान, गाड्या धुणे आणि टँकर रिकामा करणे यांच्या वेळा पुष्कळदा स्वतंत्रपणे ठरवून दिलेल्या असतात, म्हणून नेमक्या कोणत्या कामाची वेळ वाढवून हवी आहे हे अर्जात वेगवेगळे लिहावे. रात्री ज्याची खरोखर गरज आहे तेवढेच मागावे, असा माझा आग्रह आहे. इंधन आणि दुकानाची छोटी विक्री-खिडकी पुरेशी असताना गाडी धुण्याचे यंत्र, व्हॅक्यूम आणि हवा भरणे यांचीही वेळ मागितली, तर शेजाऱ्यांच्या विरोधाला रास्त कारण मिळते.

त्यानंतर जागेचा नकाशा घेऊन त्यावर सर्वांत जवळच्या झोपण्याच्या खोल्यांच्या खिडक्या दाखवाव्यात. यात वरच्या मजल्यांच्या खिडक्या हमखास राहून जातात, आणि कुंपणाची भिंत तर फक्त तळमजल्यालाच आडोसा देते. नकाशा झाला की दोन-तीन रात्री, त्यांत एक सुट्टीच्या आदली, स्वतः कुंपणापाशी उभे राहून कान द्यावा. दिवसा रहदारीत बुडून जाणारे आवाज तेव्हा एकेक करून सुटे ऐकू येतात: धाडकन लावलेले दार, कुलूप लागताना रिमोटची चुकचुक, शीतकपाटाच्या कॉम्प्रेसरची अखंड घरघर, आणि प्रत्येक गाडीच्या चाकाखाली दोनदा खडखडणारे गटाराचे सैल झाकण. या झाकणाखाली रबराची पट्टी बसवली की तो आवाज त्याच दिवशी बंद होतो. ते काम अर्ज मंजूर होईपर्यंत थांबवू नये.

ध्वनिमापन जाणकाराकडून करून घ्यावे, आणि ते ज्या तासांची परवानगी मागायची आहे त्याच तासांत, शेजारच्या खिडकीजवळ व्हावे. अहवालात केवळ सरासरी पातळी असेल तर तो अपुरा आहे, कारण माणसाची झोप मोडते ती एखाद्या अचानक आवाजाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीच्या आत सततच्या आवाजासाठी ३० डेसिबल आणि एकेका आवाजासाठी ४५ डेसिबल अशी वेगवेगळी मर्यादा दिली आहे. खिडकी थोडी उघडी असेल तर बाहेरचा आवाज आत येताना साधारण १५ डेसिबलनेच कमी होतो, असेही तेथे गृहीत धरले आहे. स्थानिक नियमांतील मर्यादा अर्थातच वेगळी तपासावी. शांत आणि निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे आवाज नेहमीपेक्षा दूरवर पोहोचतो. मोजणीसाठी अशी एखादी रात्र निवडणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

उपाय निवडताना अंतराचा आधी विचार करावा. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे हवा भरण्याचे यंत्र कुंपणापासून ५ मीटरवरून २० मीटरवर नेले तर कुंपणाशी १२ डेसिबलचा फरक पडतो. भिंत उभारायची तर ती भरीव, फटी नसलेली आणि खिडकीतून आवाजाचे ठिकाण दिसणार नाही इतकी उंच असावी. झाडांची रांग डोळ्यांना बरी वाटते, आवाज मात्र फारसा अडवत नाही. रात्रीचे ग्राहक आपल्याच आवारातील, घरांपासून दूर असलेल्या इंधन भरण्याच्या यंत्रांकडे वळवावेत, इंजिन बंद करण्याची सूचना ठळक लावावी, आणि बाहेरचे संगीत व जाहिरातींचे स्पीकर पूर्ण बंद ठेवावेत.

छताखालचे दिवे आत बसवलेले व खाली रोखलेले असावेत. शेजाऱ्याच्या खिडकीत उभे राहून दिवा थेट डोळ्यांवर येतो का, हे त्यांच्या परवानगीने पाहावे. बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट कोणत्या भिंतीवर पडतात हेही तेव्हाच समजते. टँकर आणि कचऱ्याची गाडी दिवसाच यावी, आणि तसे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

रात्रपाळीत माणूस एकटा ठेवू नये. दुकानाचे दार बंद करून खिडकीतून व्यवहार, कॅमेरे आणि इंधनपुरवठा तत्काळ तोडणाऱ्या बटणाचा सराव ही व्यवस्था पहिल्या रात्रीपूर्वी पूर्ण असावी.

शेजाऱ्यांकडे अर्ज दाखल होण्याआधी जावे, नोटीस हाती पडल्यावर नव्हे. सोबत नकाशा न्यावा, ऐकलेले आवाज स्वतःहून सांगावेत आणि कोणाकडे तान्हे मूल, आजारी माणूस किंवा रात्रपाळी करणारे कोणी आहे का ते विचारून टिपावे. रात्री प्रत्यक्ष माणूस उचलेल असा एक फोन नंबर त्यांना द्यावा. कायमच्या परवानगीऐवजी सहा महिने किंवा वर्षभराची चाचणी मागावी, आणि त्या काळात प्रत्येक तक्रारीची तारीख, वेळ, कारण व केलेली दुरुस्ती वहीत त्याच रात्री नोंदवावी. मुदत संपताना हीच वही अर्जासोबत जोडायची आहे.