रेम्ब्राँचे ‘तीन क्रूस’ टेबलावर मागवून पाहताना

ब्रिटिश म्युझियममध्ये लोक ममी बघायला जातात. लेकीकडे लंडनला गेलो की माझे पाय मात्र वरच्या मजल्यावर, 90 नंबरच्या दालनाकडे वळतात. तिथल्या स्टडी रूममध्ये मूळ छापचित्रं, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून वगैरे कागदावर छापलेली चित्रं, तुमच्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. पैसे लागत नाहीत, आधी ईमेल करून वेळ तेवढी ठरवायची. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ दाखवला तो पुस्तकातलाच. म्हणून हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

संग्रहात 20 लाखांहून जास्त छापचित्रं आहेत. तेव्हा वेबसाइटवर हवं ते चित्र शोधा, त्याचा क्रमांक उतरवून घ्या आणि तोच ईमेलमध्ये लिहा. चार-पाचच मागवा. त्यात एकाच चित्राच्या दोन अवस्था, म्हणजे पत्र्यात बदल करत छापलेले दोन टप्पे, असू द्या, हा माझा आग्रह.

रेम्ब्राँचं ‘तीन क्रूस’ घ्या, येशूला क्रूसावर चढवल्याचं, 1653 सालचं. तांब्याच्या पत्र्यावर सुई ओढली की रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर वर येते. तिच्यात शाई धरते आणि रेघ मखमलीसारखी उमटते. प्रेसच्या दाबाने ती कोर लवकर झिजते, त्यामुळे चांगल्या प्रती थोड्याच निघतात. पुढे त्याने हाच पत्रा खरवडून पुन्हा कोरला. पहिल्या अवस्थेत वरून उजेड कोसळतोय, खालची माणसं एकेक ओळखू येतात. चौथीत अंधार दाटलाय, बरीचशी माणसं त्यात बुडालीत, आणि डावीकडे उंच टोपीवाला एक घोडेस्वार आलाय, जो आधी नव्हताच. दोन्ही शेजारी ठेवल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून बसा. पेन नाही, पेन्सिलच. माउंट, म्हणजे चित्र बसवलेला पुठ्ठा, दोन्ही हातांनी कडेला धरा, कागदाला बोट लावू नका, चित्रावर वाकून बोलू नका. भिंग लगेच काढू नका. आधी हातभर अंतरावरून डोळाभर बघा. मग मान खाली नेऊन तिरकं बघा. पत्र्याची कड कागदात रुतलेली दिसेल, आणि दाट काळ्या जागी शाई किंचित वर आलेली.

फोटो शेवटी, फ्लॅशशिवाय. मी त्या घोडेस्वारापाशीच पाऊण तास होतो. मागवलेली बाकीची दोन चित्रं न बघताच परत दिली.