शेततळ्यात मूल बुडू नये म्हणून काय करावं

‘खोल पाणी, धोका’ अशी पाटी लावून शेततळं सुरक्षित होत नाही. तीन वर्षांच्या मुलाला ती वाचता येत नाही, आणि दहा वर्षांचा मुलगा वाचूनही पाण्यात उतरतो.

कुंपण भरावाच्या बाहेरून घाला: निदान चार फूट उंच जाळी, खालची कड जमिनीत गाडलेली. काटेरी तारांमधून लहान मूल सहज सरकतं. फाटकाची कडी वर, मुलाचा हात पोहोचणार नाही अशी. मोटरचा स्टार्टर कुंपणाबाहेर घ्या, म्हणजे रोज फाटक उघडावं लागणार नाही.

आता कळीचा भाग. अस्तरीकरण केलेल्या, म्हणजे आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात फक्त खोली जीव घेत नाही, हा कागदही घेतो. ओल्या प्लास्टिकवर शेवाळ चढलं की पाय ठरत नाही, हाताला धरायला काही मिळत नाही. काठ हाताच्या अंतरावर दिसत असतानाही माणूस दमून बुडतो. म्हणून ‘आमच्या मुलांना पोहता येतं’ हे उत्तर इथे चालत नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो, आणि सख्खी भावंडं एकदमच जातात ती याच कारणाने.

त्यामुळे बाहेर येण्याची सोय आधीच करून ठेवा. चारही बाजूंना आणि कोपऱ्यांत जाड दोर सोडा, दर फुटावर गाठ मारून. तीन मीटर खोल तळ्याचा उतार एकास दीड (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवा) असेल, तर नुसता उतारच साडेपाच मीटर भरतो. गाठींत जाणारी आणि खांबाला बांधायची लांबी धरून नऊ-दहा मीटर दोर घ्या. बहुतेक जण भरलेलं तळं बघून दोर कापतात, मग उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तो वरच लोंबकळतो. दोर तळापर्यंत पोहोचलाच पाहिजे. टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधा, म्हणजे ते पाण्यावर तरंगत राहील. खांब कागद गाडलेल्या चराच्या पलीकडे रोवा, नाहीतर कागद फाटेल. उन्हाने दोर कुजतो. पावसाळ्याआधी मोठ्या माणसाने लोंबकळून तो तपासावा आणि शंका आली तर बदलावा. हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून काठावर ठेवा. मुलांना एकच शिकवा: कुणी पडलं तर ट्यूब फेकायची, ओरडायचं, आत उतरायचं नाही.

एक ते चार वर्षांच्या मुलाला दोराचा उपयोग नाही. त्याच्यासाठी कुंपण आणि राखणारं माणूस. बांगलादेशात या वयाची मुलं बहुतेक घराजवळच्या तळ्यांत, आई कामात असताना बुडतात. म्हणून तिथली ‘आंचल’ पाळणाघरं सकाळी 9 ते दुपारी 1 चालतात. आपल्याकडे निंदणी-काढणीची घाई असते तेव्हा हेच तास सांभाळा. सात-आठ वर्षांच्या ताईच्या भरवशावर मूल सोडू नका. पाळीपाळीने एका मोठ्या बाईने सगळी मुलं राखावीत आणि तिची त्या दिवसाची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यावी.

मूल बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडाने आधी दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध 30 दाब, दोन श्वास, पुन्हा 30 दाब. दुसऱ्याने 108 लावावा. मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.