तिसाव्या किलोमीटरनंतर उमेद खचणे: मला लागू पडलेला उपाय

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास पायांत बळ असूनही ‘आता पुरे’ हा एकच विचार मनात घोळू लागे आणि ठरवलेली वेळ हुकणार असे दिसताच माझे धावणे थांबे. सरावात पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचे चढ वाढवून पाहिले, गाणीही ऐकून पाहिली. वैतागाशिवाय हाती काही लागले नाही.

उपयोग झाला तो पुढील क्रमाने. प्रथम कागदावर तीन उद्दिष्टे लिहिली: सगळे जुळून आल्यास ४ तास १५ मिनिटे, एरवी ४ तास ३० मिनिटे, आणि काहीही झाले तरी शर्यत पूर्ण करणे. नंतर घड्याळाच्या पडद्यावरून एकूण वेळ काढून टाकून फक्त चालू किलोमीटरचा वेग ठेवला. पहिले १० किलोमीटर प्रत्येकी ६ मिनिटे १५ सेकंदांनी आणि त्यापुढचे ६ मिनिटांच्या किंचित आत धावायचे ठरवले. भूक लागण्याची वाट न पाहता दर ४० मिनिटांनी एनर्जी जेल (धावताना घ्यायचे साखरयुक्त दाट मिश्रण) घेतले, कारण स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, तिसाव्या किलोमीटरच्या सुमारासच संपत येते (खचलेपणाचा निम्मा भाग मनाचा नसून इंधनाचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे). तिसाव्या किलोमीटरनंतर केवळ पुढचे पाण्याचे टेबल हेच लक्ष्य मानले आणि शंका येताच खांदे सैल सोडून दहा श्वास मोजले.

दुसरे उद्दिष्ट साधले, तेही न थांबता.