विज्ञानाचं मॉडेल वर्गात वापरताय? या चुका टाळा

बाटली आणि फुग्यांचं फुप्फुसाचं मॉडेल ज्या शाळेत कधी झालंच नाही, अशी शाळा शोधावी लागेल. पण वर्गात ते ऐनवेळी रुसतं, आणि चाललंच तर भलतंच शिकवून जातं.

खालचा रबरी पडदा ओढूनही आतले फुगे ढिम्म? बहुतेकदा झाकणातल्या नळीभोवती हवा गळत असते. सेलोटेपवर भागवू नका, एम-सील लावा. बाटली पातळ असेल तर पडदा ओढताच तिच्याच भिंती आत चेपतात. जाड प्लास्टिकची घ्या. नवे फुगे आधी दोन-चार वेळा तोंडाने फुगवून सैल करा.

खरी चूक पुढे आहे. फुगे फुगले की मुलं म्हणतात, "हवा आत शिरली म्हणून छाती मोठी झाली." क्रम उलटा आहे. श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला स्नायूचा पडदा (मॉडेलमधला रबरी पडदा), खाली जातं, छातीची पोकळी वाढते, आतला दाब उतरतो, म्हणून हवा शिरते. पडदा ओढण्याआधीच "काय होईल आणि का?" हे वहीत लिहून घ्या. मी कित्येक वर्षं आधी दाखवून मग विचारायचो. सगळ्यांचं उत्तर अर्थातच बरोबर यायचं!

मग विचारा, हे मॉडेल कुठे खोटं बोलतं? स्वतःच्या छातीवर हात ठेवून श्वास घेतला की फासळ्या पोरांना लगेच सापडतात. बाटली तर जागची हलत नाही. श्वासपटल मुळात घुमटासारखं असतं आणि फुप्फुसांभोवती बाटलीसारखी मोकळी हवा नसते, हे मात्र तुम्हालाच सांगावं लागेल.

सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी आम्ल-आम्लारीच्या धड्यात करा, भूगोलात नको. फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. शिवाय सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रामुख्याने भेगांमधून वाहिलेल्या लाव्हाचा आहे, शंकूच्या टोकातून उडालेला नव्हे.

सूर्यमालेचं थर्माकोलचं मॉडेल तर अंतरांच्या बाबतीत साफ फसवतं. पृथ्वी म्हणून २ मिमीची मोहरी घ्या. सूर्य फुटबॉलएवढा होतो, आणि तो मोहरीपासून सुमारे २३ मीटरवर. चंद्र, खसखशीहूनही बारीक, मोहरीपासून ६ सेंटीमीटरवर. नेपच्यून फुटबॉलपासून ७०० मीटरवर, म्हणजे बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर. मुलांना तिथवर चालवत न्या आणि मागे वळून फुटबॉल दिसतो का ते पाहायला सांगा.