तिकिटावरचा दीड तास: पुण्यात नव्याने आलेल्या वैदर्भीयांसाठी

नोकरी लागली, खोली मिळाली, की घरून पहिला प्रश्न येतो, "दिवाळीला कसा येशील?" विमानाच्या तिकिटावर सव्वा-दीड तास लिहिलेला असतो, म्हणून आपणही बिनधास्त सांगतो की नागपूर काय, जवळच आहे. मला पुण्यात सोळा वर्षं झाली. त्यातली पहिली दोन-तीन वर्षं मीही हेच सांगत होतो.

आकाशातून अंतर खरंच कमी आहे. नकाशावर दोन्ही शहरं सरळ रेषेने जोडली तर ती वाशीमजवळून जाते आणि सुमारे 600 किलोमीटर भरते. रस्त्याने 700च्या पुढे. रेल्वे मात्र दौंड, नगर करत वर मनमाडला जाते आणि तिथून भुसावळ, अकोल्याकडे वळते, म्हणून तेच अंतर 880च्या घरात जातं. वंदे भारतलाही बारा तास लागतात. विमान हवेत जेमतेम तासभरच असतं. तिकिटावरच्या बाकी वेळेत धावपट्टीपर्यंतचं सरकणं आणि रांगेतलं थांबणं येतं. लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, धावपट्टी एकच आहे आणि तळ हवाई दलाचा आहे, त्यामुळे तेवढं थांबणं धरूनच चाला.

पण खरा वेळ जातो तो विमानतळ गाठण्यात. तुम्ही खराडीत किंवा विमाननगरला राहत असाल तर प्रश्नच नाही. हिंजवडीहून निघणार असाल तर शुक्रवारी संध्याकाळी दोन तास हाताशी ठेवा. वडिलांच्या ऑपरेशनला जायचं होतं तेव्हा मी दीड तास ठेवला होता. औंधच्या अलीकडे अडकलो आणि पोचलो तेव्हा चेक-इनचा काउंटर बंद झाला होता. बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी तो बंद करतात. वडिलांना आत नेताना मी तिथे नव्हतो. ते अजूनही सलतं, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

वनाज, कोथरूड, डेक्कनकडे राहणाऱ्यांनी मेट्रोने रामवाडी गाठावं आणि तिथून रिक्षा करावी. मोठ्या बॅगा असल्या तरी रस्त्यावर अडकण्यापेक्षा हे बरं.

सगळं मिळून हिंजवडीतल्या दारापासून नागपुरातल्या दारापर्यंत साडेसहा-सात तास धरा. आईला फोनवर हाच आकडा सांगा, नाहीतर ती बिचारी जेवण गरम करत बसते.

घर अकोला, बडनेरा, अमरावतीकडे असेल तर विमानाच्या भानगडीत पडूच नका. नागपूरहून अमरावती परत दीडशे किलोमीटर मागे यावं लागतं, आणि गाडी तर तुमच्या गावावरूनच जाते. रात्रीच्या गाडीत झोपून सकाळी घरी पोचण्यासारखं दुसरं सुख नाही. दिवाळीचं आरक्षण मात्र साठ दिवस आधी, खिडकी उघडते त्याच सकाळी करा.

परतताना तेलातलं लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात. बरणी नीट बांधून काउंटरवर जमा करायच्या पंधरा किलोच्या सामानात टाका. संत्री मात्र हातातच घ्या, खाली चेंगरतात.