स्क्रोल सॉ: जुनी घ्यायची की नवी?
स्क्रोल सॉ म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली करत लाकडात नक्षी, जाळी कापणारी मशीन. पहिलीच घेताय तर सेकंडहँड बघायला काहीच हरकत नाही, फक्त फोटो बघून पैसे पाठवू नका, समोर चालू करून बघा. मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात बघायला गेलो होतो, दिसायला एकदम चकाचक, बाकड्याला बोल्ट मारलेली, पण चालू केल्यावर टेबलावर ठेवलेलं रुपयाचं नाणं नाचत नाचत खाली पडलं. बंद करून ब्लेड धरणारा वरचा आर्म आडवा हलवला तर चांगलाच खेळत होता, म्हणजे बेअरिंगची वाट लागलेली. नमस्कार करून परत आलो.

दुसरं बघायचं ते ब्लेड. काही मशीनमध्ये फक्त पिनवालीच, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेली ब्लेड बसतात आणि आतली नक्षी कापताना ती पिन आत घालायला लाकडात भोक मोठं पाडावं लागतं, मग देवघराची बारीक जाळी विसरा. बिनपिनवालं साधं ५ इंची ब्लेड बसतं का ते विचारा, बसत नसेल तर कितीही स्वस्त असू दे, सोडा. परदेशातून आणलेली असेल तर मागची प्लेट वाचा, ११० व्होल्टची निघाली तर ट्रान्सफॉर्मरचा खर्च वेगळा.

स्पीड कमीजास्त करता येत असेल तर उत्तम, ॲक्रिलिक फास्ट कापलं की वितळून मागे परत चिकटतं.

हे सगळं तपासणारं कोणी सोबत नसेल तर सरळ नवी वॉरंटीवाली घ्या. आणि फ्लॅटमध्ये चालवणार असाल तर खाली जाड रबर मॅट टाका, खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी झोपतात.