घरचे सगळे फोटो एका जागी, आणि आईच्या टॅबवर

दोन पावसाळ्यांपूर्वी गोव्यातल्या साखळी गावच्या घरी आईच्या कपाटातला जुना अल्बम काढला. चिकट पानांचा, वर प्लास्टिक असलेला. आजीच्या फोटोवरचं प्लास्टिक उचललं, तर फोटोचा रंगच त्याच्याबरोबर वर आला. अर्धा पदर प्लास्टिकवर, अर्धा कागदावर. जून ते सप्टेंबर बंद कपाटात काय होतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्याच आठवड्यात मी सगळे फोटो एका जागी आणायला बसले. आज ते फोंड्याला माझ्या घरी एका छोट्या डब्यात आहेत. आई साखळीला बसून ते टॅबवर बघते, भाऊ पुण्याहून, बहीण बेंगळुरूहून. कसं केलं ते क्रमानं सांगते.

1. आधी गोळा करा, काहीही पुसू नका

जुने फोन, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, लॅपटॉप, लग्नाच्या सीडी, सगळं एका टेबलावर आणा. सीडी आधी घ्या. त्या वाचता येईनाशा होतात आणि हल्लीच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणावा लागतो.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंवर समाधान मानू नका. तिथं फोटो लहान होतो आणि तो कधी, कुठं काढला ही त्याच्या पोटातली माहितीही गळून पडते. ज्यानं काढला त्याला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तसा पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते.

अल्बममधले फोटो हेच मोठं काम. चिकटलेला फोटो ओढायचा नाही. दातांसाठीचा मेणाचा धागा फोटोच्या मागून हळूहळू सरकवला तर बरेचसे सुटतात. जो सुटत नाही त्याचा पानासकट, खिडकीपाशी, ऊन थेट पडत नसेल अशा उजेडात फोनवर फोटो काढा. सुटे फोटो स्कॅनरवर 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके, स्कॅन करा. चार बाय सहाच्या फोटोचे त्यानं 3600 बाय 2400 पिक्सेल मिळतात, टॅबवर चेहरा मोठा करून बघायला तेवढे पुरतात. मागची बाजूही स्कॅन करा. आमच्या आजोबांच्या एका फोटोमागे पणजीच्या स्टुडिओचा पोर्तुगीज शिक्का निघाला. म्हणजे तो बहुधा 1961 च्या आधीचा. तोवर आम्ही तो बराच नंतरचा समजत होतो.

2. किती जागा लागेल

फोनवरचा एक फोटो साधारण 4 एमबीचा धरा. 20 हजार फोटो म्हणजे 80 जीबी. जागा खातात ते व्हिडिओ: साध्या 1080पी चित्रणाला मिनिटाला 60 ते 130 एमबी जातात. गूगलचे फुकटचे 15 जीबी फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून असतात, आणि 1 जून 2021 पासून फोटो त्यात मोजले जातात. दरमहा पैसे भरायची तयारी असेल आणि फोटो थोडे असतील तर तो मार्गही वाईट नाही. आमचं चार घरांचं मिळून 700 जीबी भरलं, तेव्हा मी घरच्या डब्याकडे वळले.

3. डबा कोणता

या डब्याला एनएएस म्हणतात: दोन हार्डडिस्क बसतील असं यंत्र, राउटरला वायरीनं जोडलेलं, चोवीस तास चालू. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांचे दोन डिस्कचे डबे मिळतात आणि फोटो बघायचं त्यांचं ॲपही सोबत येतं. घरात जुना लॅपटॉप पडून असेल आणि खटपटीची आवड असेल तर त्यावर इमिच हे मोफत सॉफ्टवेअर बसवता येतं. त्याला किमान 6 जीबी रॅम लागते, 8 असलेली बरी. इमिच सुंदर आहे, पण अपडेट स्वतः सांभाळावे लागतात. घरात ते करणारं कुणी नसेल तर तयार डबाच घ्या, हे माझं स्पष्ट मत. राउटरच्या मागे पेनड्राइव्ह खोचून काम भागवू नका.

4 टीबीच्या दोन डिस्क घेऊन त्या मिरर पद्धतीनं, म्हणजे रेड-1 मध्ये लावा. जागा 4 टीबीच मिळते, पण एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं. माझ्याकडे पूर्वी एकच बाहेरची डिस्क होती, कपाटात ठेवलेली. एका पावसाळ्यानंतर ती उघडलीच नाही, आणि भाच्याच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो तिच्याबरोबर गेले.

डबा बंद कपाटात नको, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको. खोलीच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून उंच, हवा लागेल असा ठेवा. यूपीएस हवाच, तोही यूएसबीनं डब्याला जोडलेला, म्हणजे वीज गेल्यावर डबा स्वतःहून नीट बंद होतो. आणि ऑक्टोबरातल्या संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की डबा बंद करा, राउटर आणि यूपीएसचे प्लग काढा.

4. फोल्डरची नावं

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: «2019-09-02 चवथ साखळी». असं लिहिलं की संगणक आपोआप काळाच्या क्रमानं लावतो. आमच्याकडे दरवर्षीच्या माटोळीचा, म्हणजे गणेश चतुर्थीला (आमची चवथ) गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीचा, एक तरी सरळ समोरून फोटो असतो. ते सगळे ओळीनं लावले तेव्हा दिसलं की कांगले आणि तोरिंग कोणत्या वर्षापासून माटोळीवरून गेले आणि बाजारची सफरचंदं कधी आली.

स्कॅन केलेल्या फोटोंना स्कॅनची तारीख लागते आणि पणजोबा 2024 च्या रांगेत येऊन बसतात. ॲपमध्ये तारीख बदलता येते. नेमकं वर्ष ठाऊक नसेल तर अंदाजाचं घाला आणि वर्णनात «अंदाजे» लिहा.

यापुढचे फोटो प्रत्येकाच्या फोनवरून आपोआप डब्यात यावेत म्हणून त्याच ॲपमधला बॅकअप चालू करा. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये «मोस्ट कम्पॅटिबल» निवडावं, म्हणजे फोटो जेपीजीत निघतात आणि कुठल्याही टॅबवर उघडतात.

5. बाहेरून बघायचं दार

इथं घाई करू नका. जुन्या सल्ल्यांत राउटरवर पोर्ट उघडायला, म्हणजे इंटरनेटवरून थेट डब्यापर्यंत वाट मोकळी करायला सांगतात. एक तर इथल्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर इंटरनेटवरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे ते चालतच नाही. आणि चालत असेल तरी करू नका. 2021 आणि 2022 मध्ये इंटरनेटला उघडे ठेवलेले असे डबे हेरून त्यांतल्या फाइलींना कुलूप घालून खंडणी मागण्याचे प्रकार जगभर झाले.

सुरक्षित वाट म्हणजे टेलस्केल. डब्यावर आणि टॅबवर ते ॲप घाला, दोन्हीकडे एकाच खात्यानं लॉगिन करा. डब्याला 100 ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो, तो फोटोंच्या ॲपमध्ये घातला की साखळीचा टॅब आणि फोंड्याचा डबा एकाच घरात असल्यासारखे बोलतात. घरगुती वापराला ते मोफत आहे. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करा: या जोडणीची मुदत 180 दिवसांनी संपते, म्हणून टेलस्केलच्या वेबपानावर डबा आणि टॅब दोघांचीही «की एक्सपायरी» बंद करा. नाही तर सहा महिन्यांनी टॅबवर काहीच दिसणार नाही आणि आई तिथं एकटी असेल. फोटो बाहेर हळू उघडत असतील तर तुमच्या घराचा अपलोडचा वेग तपासा. टॅबकडे फोटो तिथूनच जातो.

6. दुसरी प्रत

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवरून चुकून पुसलं की दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं. म्हणून बाहेरच्या दोन डिस्क ठेवा आणि एक कायम दुसऱ्या गावात असू द्या. आमच्याकडे चवथीला भाऊ पुण्याहून येतो तेव्हा गेल्या वर्षीची डिस्क आणतो आणि ताजी घेऊन जातो. प्रत सरळ कॉपी करा, कुठल्याही लॅपटॉपवर उघडेल अशी. मग खरंच दहा फोटो उघडून बघा.

ॲपमध्ये चेहऱ्यांना दिलेली नावं अशा कॉपीत येत नाहीत, ती ॲपच्या पोटात राहतात. महत्त्वाच्या फोल्डरमध्ये मी म्हणूनच «नावं» अशी साधी टेक्स्ट फाइल ठेवते: मागची रांग, डावीकडून, कोण कोण.

7. आईचा टॅब

दहा इंची पडदा घ्या, आठ इंची वयस्कर डोळ्यांना लहान पडतो. भाषा मराठी, अक्षर मोठं, पहिल्या पानावर फोटोंचं ॲप, फोन आणि व्हिडिओ कॉल, बाकी काही नको. आईसाठी वेगळं खातं करा आणि त्याला फक्त बघण्याची परवानगी द्या. बोट चुकून कुठं लागलं तरी काही पुसलं जाणार नाही, हे तिला सांगितल्यावरच ती मोकळेपणी बघायला लागली. शंभरेक आवडते फोटो टॅबवरच उतरवून ठेवा. वीज गेली की तिच्याकडचं वायफायही जातं.

ॲप एकसारखे चेहरे स्वतः गोळा करतं. सख्ख्या बहिणींना मात्र ते हमखास एकच समजतं. तिथं माणूसच लागतो. रोज जेवणानंतर आई टॅब घेऊन राजांगणात, म्हणजे घराच्या आतल्या चौकात, बसते आणि मी फोंड्याहून फोनवर असते. परवा एका बारशाच्या फोटोवर ती थांबली. «ही म्हापशाची मावशी न्हय गो, तिची जाऊ. हिच्या हातातलं पोर बघ, तो तुझा बाबा.» मी तिथल्या तिथं नाव बदललं आणि टेक्स्ट फाइलमध्येही लिहिलं. त्या फोटोतले अजून नऊ चेहरे बाकी आहेत.